न छापलेली नावं

मिथिला, गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस की तुमच्या विद्यापीठात एक परिषद भरते आहे. वर्तमानपत्रं रोगांच्या बातम्या कशा देतात आणि वाचणारे त्यांतून काय घेतात, यावर तिथे बोलणं होणार. "आजी, अगदी नवा विषय आहे हा," असंही म्हणालीस. मी तेव्हा काही बोलले नाही. तुला घाई होती, आणि फोनवर मला क्रमाने बोलता येत नाही. म्हणून लिहिते आहे. तुझ्या भावाला, अर्जुनलाही वाचायला दे.

हा विषय मी नाना खोपकरांकडे शिकले. ठाण्याला, कोपरीत, स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती तेव्हा.

नाना आधी शाळेत शास्त्र शिकवत. ती नोकरी सोडून त्यांनी एक साप्ताहिक काढलं होतं. पानं चारच. पहिल्या पानावर गावच्या बातम्या, मधे जाहिराती आणि शाळांचे निकाल, आणि शेवटचं पान सबंध आरोग्याचं. ते शेवटचं पान आधी छापून व्हायचं, मग बाकीची. घराच्या पुढच्या खोलीत छापखाना, मागे संसार. नाना उंच, किंचित वाकलेले. धोतरावर बंद गळ्याचा कोट, आणि कोटाच्या उजव्या बाहीला कायम शाईचा डाग. हसताना आवाज करत नसत. खांदे तेवढे हलायचे.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. सरकारी आरोग्यखात्याची पत्रकं इंग्रजीत येत, ती मराठीत आणायला नानांना माणूस हवं होतं. छापखान्यात मुलगी कशी पाठवायची, असा प्रश्न आमच्याकडे निघालाच. पण मागच्या खोलीत माई, म्हणजे नानांच्या पत्नी, दिवसभर असत. तेवढ्यावर वडिलांनी परवानगी दिली.

पहिल्याच दिवशी मी एक परिच्छेद मोठ्या झोकात उतरवला. 'दूषित जलप्राशनाने उद्भवणारे विकार' असं काहीसं होतं. नाना तो कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि मोठ्याने वाचू लागले. माई भाजी चिरत होत्या. अर्ध्यावर त्यांची विळी थांबली.

"कुणी काय प्यायचं नाही म्हणताहेत?" माईंनी विचारलं.

नाना परत आले, कागद माझ्यासमोर ठेवला. "लीला, विळी थांबता कामा नये. परत लिही." आरोग्याच्या पानातला प्रत्येक मजकूर त्या दारातून जाऊन यायचा. माईंना कुणी कधी मत विचारलं नाही. विळीकडे बघायचं, एवढंच.

रोगाच्या बातमीतून 'भीषण', 'थैमान', 'विळखा' असले शब्द ते निर्विकारपणे खोडत. दवाखाना कुठे, किती वाजता, येताना काय आणायचं, हे राहिलं असेल तर मात्र छपाई थांबायची. कुणी त्यांच्यासमोर 'अडाणी जनता' म्हणालं की ते शांतपणे विचारत, "कोण? नाव सांगा." समोरच्याला नाव सांगता येत नसे, आणि बोलणं तिथेच संपायचं.

दर महिन्याला एका रविवारी नाना शाळेच्या हॉलमध्ये आरोग्यसभा भरवत. एक डॉक्टर बोलणार, मग लोकांनी विचारायचं. बहुतेक वेळा आमचे लेले डॉक्टर असत, कधी मुंबईहून कुणी येई. अशा सभा इतरही भरवत. नानांचं वेगळं होतं ते दुसऱ्या दिवशी. सोमवारी सकाळी ते सभेला आलेल्यांपैकी आठ-दहा जणांच्या घरी जात आणि एकच प्रश्न विचारत, "काल काय ऐकलंत?" बायकांशी बोलायला मी बरोबर. ही फेरी झाल्याशिवाय सभेचा वृत्तान्त छापायचा नाही असा नियम होता. "डॉक्टर काय बोलले ते डॉक्टरांना माहीत आहे," ते म्हणत. "लोकांनी काय नेलं घरी, ते मला हवंय."

फेरीचेही नियम होते. समोर वही उघडायची नाही. वही दिसली की माणसं परीक्षा दिल्यासारखी बोलतात. परत येऊन आठवणीने लिहायचं. आणि दुसरा, फार अवघड नियम: समोरचा कितीही चुकीचं सांगो, तिथे दुरुस्त करायचं नाही. एकदा एक बाई म्हणाल्या की देवीची लस टोचली की महिनाभर आंघोळ बंद. मी चटकन म्हणाले, "नाही हो काकू, असं डॉक्टर म्हणालेच नव्हते." त्या ओशाळल्या. आम्ही बाहेर पडलो. नाना म्हणाले, "पुढच्या खेपेला त्या तुला जे आवडेल ते सांगतील. ते घेऊन मी काय करू?"

या फेरीतून काय हाती लागायचं, त्याचा एकच नमुना सांगते. मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी विषमज्वरावर व्याख्यान दिलं. पाणी उकळून प्या, वीस मिनिटं उकळा, हे त्यांनी पुन्हापुन्हा सांगितलं. सोमवारी आम्ही एका घरी गेलो. गृहिणीने चुलीवरचं पातेलं कौतुकाने दाखवलं. पाणी खळखळून उकळलेलं होतं. मग तिने माठातलं दोन तांबे पाणी त्यात ओतलं. "मुलांना गरम पाणी नाही हो चालत," ती म्हणाली. पुढच्या दोन घरांत तेच. त्या आठवड्याच्या पानावर नानांनी ठळक अक्षरांत छापलं: उकळलेल्या पाण्यात गार पाणी घालू नये, झाकून ठेवून निववावे. मुंबईच्या डॉक्टरांना अंक गेला, तेव्हा ते लेले डॉक्टरांना म्हणाले म्हणे, "एवढंही सांगावं लागतं का?" नानांना हे कळलं. "लागतं," ते म्हणाले. "परवा लागलं."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

क्षयावरची बी.सी.जी. लस तेव्हा नुकतीच आपल्याकडे आली होती. सरकारी पथक शाळाशाळांतून फिरत असे. आधी मुलाच्या हातावर एक बारीक सुई टोचून तपासणी करायची. तीन दिवसांनी पाहायचं. सुईच्या जागी काही उमटलं नसेल तर लस द्यायची. लालसर गाठ आली असेल तर लस नाही, कारण क्षयाचे जंतू त्या शरीरात कधीतरी येऊन गेले आहेत आणि शरीराला त्यांची ओळख झाली आहे, एवढाच त्या गाठीचा अर्थ. गाठ येणं म्हणजे क्षय होणं नव्हे. शहरात वाढलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना गाठ येतेच.

कोपरीत पथक यायचं ठरलं, पण आईबाप मुलांना पाठवायला तयार नव्हते. लशीने ताप येतो, मूल खंगतं, अशी बोलवा होती. पथक यायला दोनच दिवस उरले होते. सभा घेऊन फेरी करायला वेळ नव्हता. नानांना आपल्या गावची एक गोष्ट पक्की माहीत होती. ठाण्यातल्या माणसाला आपल्या मुलाचं नाव छापलेलं बघायला फार आवडतं. शाळेचे निकाल आले की अंक हातोहात संपत. मुंजीच्या, हळदीकुंकवाच्या बातम्या लोक कापून ठेवत. नानांनी जाहीर केलं की जे मूल लस घेईल त्याचं नाव वडिलांच्या नावासह छापण्यात येईल.

शाळेबाहेर रांग लागली. लेले डॉक्टर खूश. नावांची मुद्रितं त्यांनी माझ्याबरोबर बसून स्वतः तपासली, कुणाच्या नावात चूक नको म्हणून. दोन पानं भरून नावं आली. तो अंक इतका खपला की आम्हाला पुन्हा छापावा लागला.

पुढच्या महिन्यातल्या सोमवारच्या फेरीत आम्ही दत्तोपंत टिपणिसांकडे गेलो. दत्तोपंत कलेक्टर कचेरीत होते, नानांचे जुने स्नेही. त्यांची कुसुम मॅट्रिकला, धाकटा वसंता खालच्या वर्गात. कुसुमचं लग्न कल्याणच्या चित्र्यांकडे ठरलं होतं. मुलीची परीक्षा झाली की उडवायचं असं बोलणं झालेलं. त्या दिवशी टिपणीसवहिनींनी आम्हाला पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"नाना, आमच्या वसंताचं नाव छापलंत," त्या म्हणाल्या. "कुसुमचं नाही."

"तिला गाठ आली होती, वहिनी. तिला लशीची गरज नव्हती."

"हे मला सांगताय. कल्याणला कोण सांगणार?"

दत्तोपंत आतून आले. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. चित्र्यांनी अंक वाचला होता. भावाचं नाव आहे, बहिणीचं नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं. मुलीच्या छातीचा फोटो काढून आणा, असा निरोप आला. दत्तोपंतांनी मुंबईला नेऊन फोटो काढला. स्वच्छ निघाला. "पण आता कोपरीभर झालंय की टिपणिसांच्या मुलीचा फोटो काढला," ते म्हणाले. "काही नसताना कोण फोटो काढतो? आणि कल्याणची मंडळी म्हणतात, घाई नको."

नानांनी फेरी तिथेच संपवली. छापखान्यात येऊन त्यांनी तो अंक टेबलावर पसरला आणि शाळेच्या हजेरीतली नावं एकेक आठवत बोट फिरवू लागले. एकदा थांबून म्हणाले, "छापलेली नावं कुणी वाचलीच नाहीत, लीला. सगळ्यांनी न छापलेली वाचली."

लेले डॉक्टर संध्याकाळी आले. "पुढच्या अंकात खुलासा टाका, मी लिहून देतो," ते म्हणाले.

"खुलाशात कुसुमचं नाव घालू की नको?" नानांनी विचारलं. "घातलं तर ज्याला ठाऊक नव्हतं त्यालाही होईल. नाही घातलं तर चित्रे म्हणतील, हा सगळ्या जगासाठी आहे, आमच्यासाठी नाही."

डॉक्टरांनी लिहायला काढलेलं पेन परत खिशाला लावलं. मग नानांनी विचारलं, "डॉक्टर, माझ्या हाताला सुई टोचली तर गाठ येईल?"

"तुमच्या, माझ्या, हेडमास्तरांच्या. कुणाच्याही."

"मग कल्याणला सभा घेऊ."

त्याच आठवड्यात मी बाजारात कुसुमला भेटले. शिकवणीहून येत होती.  तीच म्हणाली, "लीलाताई, लग्नाचं राहू दे. घरी वसंता काय म्हणतो ठाऊक आहे? मी पास झालो नि ताई नापास झाली. आई त्याला दटावते. पण दटावताना तिलाही तसंच वाटत असतं." एवढं सांगून ती हसली आणि कोथिंबिरीच्या जुड्या निवडायला लागली.

कल्याणची सभा मी विसरणार नाही. शाळेचा हॉल भरला होता. व्यासपीठावर लेले डॉक्टर, नाना, दोन हेडमास्तर, एक वकील आणि कल्याणचे आणखी तिघे प्रतिष्ठित गृहस्थ बसले होते. सगळ्यांना तीन दिवसांपूर्वी सुई टोचलेली. डॉक्टरांनी एकेकाला बाही वर करायला सांगितली. प्रत्येकाच्या हातावर लाल गाठ. लोक माना उंच करून बघत होते.

नाना उठले. त्यांना व्याख्यान देता येत नसे, त्यांचा आवाज मागपर्यंत पोचत नसे. त्या दिवशी कुणी हाललं नाही म्हणून पोचला. "आम्ही मुलं असतो, तर आमच्यापैकी एकाचंही नाव त्या यादीत आलं नसतं," ते म्हणाले. "आम्हाला क्षय नाही. ज्या मुलामुलींची नावं आली नाहीत त्यांनाही नाही. कुणाची नावं राहताहेत हा विचार यादी छापताना मी केला नाही. चूक माझी आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "वकीलसाहेब, तुमचंही लग्न फेरविचाराला घ्या मग." हॉल हसला. वकीलही हसले. तिसऱ्या रांगेत चित्रे पतिपत्नी बसले होते. चित्रेकाकूही पदर तोंडाला लावून हसल्या. ते पाहून मला वाटलं, जमलं.

सोमवारी फेरी कल्याणची. चित्र्यांचं घर आम्ही शेवटी ठेवलं. चित्रे रेल्वेत हेडक्लार्क, ते कामावर गेले होते. काकूंनी आम्हाला सतरंजीवर बसवलं, कोकमाचं सरबत दिलं.

"काल काय ऐकलंत?" नानांनी विचारलं. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. हातातला पेला तेवढा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

काकूंनी सगळं सांगितलं. सुई कशासाठी, तीन दिवस कशाला, गाठ आली तर काय, नाही आली तर काय. इतक्या फेऱ्यांत इतकं बिनचूक कुणी सांगितलं नव्हतं. लेले डॉक्टरांना ऐकवावं असं होतं ते. मग त्यांनी पदर सारखा केला.

"मला समजलं, नाना. माझ्या हाताला गाठ येईल, यांच्याही येईल. मुलगीही चांगली आहे, मला आवडली होती. पण मुलाच्या पाठच्या दोन मुली लग्नाच्या आहेत. उद्या त्यांच्यासाठी कुणाच्या दारी गेलो, की ते विचारणार, तुमची सून तीच का, ठाण्याची, जिचं नाव आलं नव्हतं? त्या प्रत्येकाला मी सभेला कुठे घेऊन जाऊ?"

मी नानांकडे पाहिलं. आता तरी त्यांनी नियम मोडावा, हात जोडावेत, वाद घालावा, असं मला तीव्रतेने वाटत होतं. त्यांनी पेला खाली ठेवला. 

"आणखी काही ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही चूक कबूल केलीत ते ऐकलं," काकू म्हणाल्या. "बरं वाटलं. माणसं करत नाहीत."

स्टेशनकडे येताना मला राहवेना. "नाना, तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"काय बोलू? त्यांनी बरोबर ऐकलं होतं." स्टेशन दिसू लागलं तेव्हा ते म्हणाले, "मला इतकी वर्षं वाटायचं, लोक चुकीचं ऐकतात म्हणून चुकीचं वागतात. बरोबर ऐकलं की झालं."

टिपणिसांकडे ते एकटे गेले. तिथे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या दिवसापासून दत्तोपंत त्यांच्याशी बोलेनासे झाले. रस्त्यात भेटले तर समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत पुढे जात. नाना मात्र दर वेळी थांबून नमस्कार करत. दत्तोपंत पुढे निघून गेल्यावरही त्यांचे हात क्षणभर तसेच राहत.

काम थांबलं नाही. सभा होत राहिल्या, सोमवारची फेरीही. एक गोष्ट बदलली. आरोग्याचं पान माईंच्या दारातून परत आलं की नाना ते एकदा स्वतःशी वाचत आणि मला विचारत, "हे कुणाच्या घरी जाऊन पडेल?" उत्तर आल्याशिवाय ते पान छपाईला जात नसे. कधी एखादी चांगली बातमी, अगदी खरी, उपयोगाची बातमीही या प्रश्नापाशी अडकून राहायची. लेले डॉक्टर चिडत. "तुम्ही फार घाबरट झालात," असं ते एकदा तोंडावर म्हणाले. नानांनी नाकारलं नाही. मुलांची नावं मात्र त्या साप्ताहिकात पुन्हा आली ती फक्त परीक्षेच्या निकालाची, आणि तीही पालक येऊन सांगतील त्यांचीच.

मिथिला, तुझ्या परिषदेत कुणी यावर काय म्हणेल मला माहीत नाही. डॉक्टरांचं बरोबर होतं की नानांचं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

कुसुमला मग दोन स्थळं आली नि गेली. कारण कुणी बोलून दाखवलं नाही. शेवटी डोंबिवलीच्या एका शाळामास्तरांशी जमलं. ते बिजवर होते, पहिल्या बायकोची चार वर्षांची मुलगी होती. माणूस सज्जन होता, पुढे तिचं चांगलंच झालं. पण लग्नाच्या दिवशी मांडवात जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की कल्याणचं मोडलं नसतं तर टिपणिसांनी हे स्थळ पाहिलं नसतं.

नानांना पत्रिका गेली होती की नाही, मला माहीत नाही. ते आले होते. मांडवाच्या अगदी मागच्या खांबाशी उभे होते. माझंही लग्न ठरलं होतं आणि मी लवकरच ठाणं सोडून जाणार होते, म्हणून मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. 

अक्षता वाटायला दत्तोपंत स्वतः निघाले. ताट घेऊन एकेक रांग करत ते मागे आले. आमच्यासमोर ताट धरलं. मी अक्षता घेतल्या. नानांचा हात पुढे येईना. दत्तोपंत ताट धरून उभे राहिले. मग त्यांनी ताट डाव्या हातावर तोललं, उजव्या हाताने नानांचा हात ओढून घेतला, त्यात मूठभर अक्षता घातल्या आणि बोटं मिटवली.

"टाका," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला मांडवात अक्षता उडत होत्या. नानांची मूठ मिटलेलीच. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, वाजंत्री सुरू झाली, माणसं एकमेकांना ढकलत पुढे सरकली. तेव्हा त्यांनी हात उचलून मूठ उघडली. अक्षता पडल्या नाहीत. घामाने कुंकू ओलं होऊन दाणे तळव्याला चिकटले होते. नाना दुसऱ्या हाताच्या बोटाने ते एकेक सोडवत होते आणि पुढे, गर्दीवरून, नवरा-नवरीच्या दिशेने टाकत होते.

मला आईने हाक मारली म्हणून मी गेले. मागे वळून पाहिलं तेव्हा ते अजून टाकतच होते.